रोजच्या प्रवासासाठी बाहेरचा आवाज रोखणारे स्वस्त इअरफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईची लोकल, पुण्याची पीएमपी, तालुक्याला जाणारी एसटी किंवा मेट्रो यांतून रोज ये-जा करणारे लोक इअरफोन घेताना जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘स्वस्त’ म्हणजे साधारणतः ५०० ते २,५०० रुपये असे धरले आहे. मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात आणि किमती सणासुदीच्या सवलतींप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे ‘अमुकच घ्या’ असे सांगण्यापेक्षा पारख कशी करावी यावर येथे अधिक भर आहे.

बाहेरचा आवाज रोखणारे इअरफोन आणि नॉइज कॅन्सलेशन असलेले इअरफोन यांत फरक काय?

पहिल्या प्रकारात कोणतेही इलेक्ट्रॉनिक तंत्र नसते. कानाच्या नळीत घट्ट बसणारे रबर किंवा फोम बाहेरच्या आवाजाची वाटच अडवतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एएनसीमध्ये (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन), इअरफोनवरचा छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि आतील चिप त्याच्या नेमकी उलट ध्वनिलहर तयार करून तो आवाज मारते.

दोघांची ताकद वेगवेगळ्या ठिकाणी आहे. एएनसी खालच्या पट्टीतील, एकसुरी आणि सतत चालणाऱ्या आवाजावर उत्तम चालते : चाकांची घरघर, डिझेल इंजिनाची धडधड, वातानुकूलन यंत्राचा गुणगुणाट. साधारण १,००० हर्ट्झच्या वर मात्र तिचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. घट्ट बसलेल्या रबराचे याच्या उलट असते. ते वरच्या पट्टीतील आवाज चांगले अडवते आणि खालच्या घरघरीपुढे थोडे कमी पडते. सकाळच्या डब्यात भजनी मंडळ रंगात आले असेल, तर टाळांचा खणखणाट अडवण्याचे काम रबर करते. एएनसीचा तेथे फारसा उपयोग होत नाही. शेजारच्या दोघांच्या गप्पा आणि फेरीवाल्याची हाक यांचेही तसेच.

बॅटरी नाही, चिप नाही, तरीही रबराच्या जोरावर किती आवाज अडवता येतो हे पाहायचे असेल तर एटिमॉटिक या अमेरिकन कंपनीच्या ईआर-४ या १९९१ सालच्या इअरफोनचे उदाहरण घेता येईल. कानात खोलवर जाणाऱ्या तीन पदरी रबरामुळे आणि फोममुळे त्या मालिकेतील इअरफोन सुमारे ३५ ते ४२ डेसिबेल आवाज अडवतात, असे कंपनी सांगते. ते इअरफोन आपल्या बजेटमधले नाहीत, पण त्यांच्यामागील तत्त्व ७०० रुपयांच्या इअरफोनलाही तंतोतंत लागू होते.

खोक्यावर ‘ईएनसी’ असे ठळक लिहिले आहे. म्हणजे बाहेरचा आवाज कमी ऐकू येईल ना?

नाही. या बाबतीत सर्वाधिक ग्राहक फसतात, म्हणून हे उत्तर नीट वाचावे. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) ही सोय मायक्रोफोनसाठी असते. आपण फोनवर बोलत असताना आपल्या आजूबाजूचा गोंगाट समोरच्या व्यक्तीला कमी ऐकू यावा, एवढेच तिचे काम. आपल्या कानांत येणाऱ्या आवाजाशी तिचा काडीचाही संबंध नाही. ऑनलाइन दुकानांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ हा शब्द या दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो, म्हणून तपशिलात ‘एएनसी’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द आहे का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

जेथे खरोखरच एएनसी आहे, तेथेही ‘५० डेसिबेलपर्यंत’ यांसारखे आकडे जपून वाचावेत. हा आकडा बहुधा प्रयोगशाळेत, एखाद्याच पट्टीवर मिळालेल्या कमाल परिणामाचा असतो. ‘पर्यंत’ या शब्दाच्या आड बरेच काही दडलेले असते.

माझ्या प्रवासाला यांपैकी काय अधिक योग्य?

लोकलच्या साध्या डब्यात दारे-खिडक्या उघड्या असतात. चाकांची घरघर, वारा, भोंगा, उद्घोषणा, माणसांचे बोलणे असे सर्व पट्ट्यांतील आवाज एकत्र येतात, आणि त्यांतील बराच भाग मानवी आवाजाच्या पट्टीत असतो. अशा ठिकाणी नीट बसलेले साधे वायरचे इअरफोन स्वस्त एएनसीला सहज मागे टाकतात. शिवाय वारा हा स्वस्त एएनसीचा वैरी आहे. दाराशी किंवा खिडकीत उभे असताना वारा थेट मायक्रोफोनवर आदळतो आणि चिप त्यालाच आवाज समजून कानात फडफड सोडते. अशा वेळी एएनसी बंद केल्यावरच अधिक शांत वाटते.

वातानुकूलित लोकलमध्ये परिस्थिती बदलते. दारे बंद, वारा नाही, आणि उरतो तो मुख्यतः यंत्रांचा एकसुरी आवाज. तेथे एएनसी आपले पैसे वसूल करते. शिवशाहीसारख्या बंद काचांच्या बसलाही हेच लागू. लालपरीत मागच्या बाकांवर खिडक्यांच्या काचांचा खडखडाटच इतका असतो की प्रथम रबराचाच विचार करावा.

भुयारी मेट्रोचा वेगळा उल्लेख करणे आवश्यक आहे. आरे ते कफ परेड मार्गावर किंवा पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट या टप्प्यात गाडी बंद डब्यांची असली, तरी बोगद्याच्या भिंतींवरून आवाज परत येतो आणि उन्नत मार्गापेक्षा गोंगाट अधिक जाणवतो. दोन स्थानकांमधील वेळ मात्र थोडा असल्यामुळे एवढ्यासाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही.

रबर कसे निवडावे? खोक्यात तीन आकार येतात, पण कोणताच नीट बसत नाही.

खरे तर सर्व प्रश्नांत हाच मुख्य प्रश्न आहे. आवाज अडवण्याचे बहुतांश काम इअरफोनपेक्षा त्याच्या टोकावरील रबर करते, आणि बहुतेक जण खोक्यातून काढताना लावलेले मधल्या आकाराचे रबर वर्षानुवर्षे तसेच वापरत राहतात. दार किंचित किलकिले राहिले तरी बाहेरचा गलका आत येतो, तसेच रबर आणि कानाची नळी यांच्यातील बारीकशा फटीचे आहे. दोन हजारांचा इअरफोन अशा फटीमुळे दोनशे रुपयांच्या लायकीचा होतो.

बसले की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे खर्जातील आवाज. ज्या गाण्यात तबल्याचा डग्गा किंवा ढोलकीची धुम स्पष्ट आहे असे एखादे ओळखीचे गाणे लावावे आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्याबरोबर खर्ज एकदम भरला आणि बोट काढताच पुन्हा पातळ झाला, तर रबर नीट बसलेले नाही असे समजावे. दाबूनही काही फरक पडला नाही, तर पकड योग्य आहे. हे दोन्ही कानांसाठी स्वतंत्रपणे करावे, कारण पुष्कळ लोकांच्या दोन कानांच्या नळ्या सारख्या नसतात. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला लहान रबर लावण्यात काहीच वावगे नाही.

घालण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. कानाची नळी सरळ नसून किंचित नागमोडी असते. उजव्या कानात इअरफोन घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, त्यामुळे नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत सारावा आणि पाळी सोडावी. गर्दीत हे करणे जमत नाही, म्हणून फलाटावर असतानाच इअरफोन नीट बसवून घ्यावेत.

आकाराविषयी एक गैरसमज आहे. मोठे रबर म्हणजे अधिक घट्ट पकड, असे वाटते. प्रत्यक्षात प्रमाणापेक्षा मोठे रबर नळीत शिरतच नाही, तोंडाशीच चुरगळते आणि त्या घडीतून आवाज आत येतो. रबर सतत बाहेर निसटत असेल तर आधी एक आकार लहान घेऊन खोलवर घालून पाहावे. तरीही जमले नाही, तर दोन पदरी रबर वापरून पाहावे. बारीक नळीच्या कानांना, विशेषतः अनेक स्त्रियांना आणि किशोरवयीन मुलांना, खोक्यातील सर्वांत लहान रबरही मोठे वाटते. त्यांनी अतिलहान आकार वेगळा मागवावा. रबरांचे मिश्र संच ऑनलाइन १०० ते ३०० रुपयांत मिळतात आणि नवा इअरफोन घेण्याआधी हा खर्च करून पाहणे अधिक शहाणपणाचे. संच मागवण्यापूर्वी आपल्या इअरफोनच्या नळकांड्याची जाडी तेवढी मोजून घ्यावी, नाहीतर रबर एक तर चढत नाही किंवा कानातच राहून जाते.

फोमचे टोक रबरापेक्षा चांगले का?

आवाज अडवण्याच्या बाबतीत बहुतेकदा होय. फोम बोटांच्या चिमटीत गोल दाबून बारीक करायचा, कानात घालायचा आणि १५ ते ३० सेकंद तसाच धरून ठेवायचा. तो हळूहळू फुगून नळीचा आकार घेतो. ज्यांना कोणतेच रबर मानवत नाही त्यांना फोममुळे खरोखर दिलासा मिळतो.

त्याची किंमत मात्र वेगळ्या प्रकारे चुकवावी लागते. फोम घाम आणि कानातील मळ शोषतो, धुता येत नाही, आणि रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत कडक किंवा मऊ पडून निकामी होतो. वरच्या पट्टीतील आवाज त्यामुळे किंचित दबतो. काहींना तेच सुखद वाटते. सारखे काढ-घाल करणाऱ्यांना, म्हणजे दर दहा मिनिटांनी कोणाशी तरी बोलावे लागणाऱ्यांना, फोमचा कंटाळा येतो.

कान चहूबाजूंनी बंद झाल्यावर स्वतःचाच आवाज घुमतो, पावलांचा धप्प धप्प आवाज येतो. इअरफोन खराब आहे का?

नाही, पकड चांगली बसल्याचे ते लक्षण आहे. आपला आवाज आणि पावलांचे हादरे हाडांवाटे कानाच्या नळीत पोहोचतात. एरवी ते उघड्या कानातून बाहेर निघून जातात, आता आत अडकतात. इअरफोन थोडा अधिक खोल घातल्यास हे घुमणे कमी होते.

वायर शर्टाच्या कॉलरवर घासल्यावर येणारी खरखर ही वेगळी तक्रार. वायर कानावरून मागे वळवून घातल्यास ती जवळजवळ नाहीशी होते. ज्या मॉडेलची वायर मुळातच कानावरून घालण्यासाठी बनवलेली असते, ते प्रवासासाठी अधिक सोयीचे असतात. नाहीतर वायरला लावायची छोटी क्लिप शर्टाला अडकवावी.

वायरचे, नेकबँड की सुटे बड्स?

विरार किंवा बदलापूरच्या गर्दीत चढ-उतार करणाऱ्यांनी सुटे बड्स घेण्याआधी दोनदा विचार करावा. धक्क्यात कानातून निसटलेला बड फलाट आणि गाडी यांच्या फटीत गेला की गेला. आणि एकट्या बडची भरपाई बहुतेक वेळा नव्या जोडाच्या निम्म्याहून अधिक किमतीत पडते. नेकबँडची दोन्ही टोके गळ्यात राहतात, कानातून निघाली तरी छातीवर लोंबतात. लोकलमध्ये इतके नेकबँड दिसण्यामागे फॅशन नाही, हे कारण आहे.

त्याच किमतीत उत्तम आवाज आणि सर्वांत चांगली आवाजरोधक बांधणी हवी असेल, तर मात्र वायरच घ्यावी. बॅटरी, ब्लूटूथ चिप, चार्जिंगची डबी यांचा खर्च वाचतो आणि तो पैसा ध्वनीवर लागतो. वायर गर्दीत कोणाच्या तरी बॅगेत अडकून तुटते, ही रास्त तक्रार आहे. म्हणून ज्याची वायर इअरफोनपासून वेगळी निघते असे मॉडेल पाहावे. केझेडसारख्या अनेक चिनी कंपन्यांच्या स्वस्त इअरफोनला अशी वायर असते. तुटल्यास दोनशे-तीनशे रुपयांची नवी वायर लावता येते, आणि झटका बसल्यावर तुटण्याऐवजी ती सांध्यातून सुटते.

एक सूचना बड्सच्या आकाराविषयी. कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, रबर नसलेले बड्स आवाज अजिबात अडवत नाहीत. हाडांवाटे ऐकवणाऱ्या आणि कान उघडे ठेवणाऱ्या इअरफोनचा हेतूच बाहेरचे ऐकू यावे हा असतो. ते चांगले असू शकतात, पण या पानाच्या विषयाचे नाहीत.

माझ्या फोनला इअरफोनचे छिद्रच नाही. मग वायरचे इअरफोन कसे लावायचे?

टाइप-सी टोकाचे इअरफोन घ्यावेत, किंवा टाइप-सी ते ३.५ मिमी असा छोटा अडॅप्टर. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये ध्वनी तयार करणारी चिप नसते आणि असे अडॅप्टर फक्त काही निवडक फोनवरच चालतात. म्हणून तपशिलात ‘डॅक’ (म्हणजे हीच चिप) असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावा. प्रवासात चार्जिंग आणि ऐकणे एकाच वेळी करायचे असेल तर मात्र ही व्यवस्था अडचणीची ठरते.

खोक्यावरील आकड्यांपैकी कोणते पाहावेत?

फार थोडे. ड्रायव्हर म्हणजे इअरफोनमधील ध्वनी निर्माण करणारा भाग; ‘१० मिमी ड्रायव्हर’ किंवा ‘१३ मिमी ड्रायव्हर’ यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही ओळ प्रत्येकच खोक्यावर असते. रोध (इम्पिडन्स) १६ ते ३२ ओहम असेल तर कोणताही फोन तो इअरफोन आरामात चालवतो, इतके पाहिले तरी पुरे.

त्यापेक्षा इअरफोनचे कवच निरखून पाहावे. अनेक इअरफोनच्या कवचाला सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. हवेचा दाब मोकळा व्हावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असते आणि ध्वनीसाठी आवश्यकही असते. पण छिद्रे मोठी किंवा अनेक असतील तर त्यांतून बाहेरचा आवाज आत येतो आणि दाराशी उभे राहिल्यावर वारा शीळ घालतो. कवच कानाच्या खोलगट भागात भरून बसत असेल तर अडवणूक वाढते.

घामाचा आणि पावसाचा विचार करून आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचे मानांकन असलेले बरे. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. धो धो पावसात भिजणे त्यात धरलेले नाही.

किती पैसे खर्च करणे योग्य ठरेल?

५०० ते १,००० रुपयांत नामांकित कंपनीचे साधे, वायरचे, रबर असलेले इअरफोन मिळतात आणि प्रवासापुरते ते पुरेसे असतात. १,००० ते २,००० या टप्प्यात वेगळी होणारी वायर, कानावरून वळणारी रचना आणि लक्षात येण्याइतका स्पष्ट आवाज मिळतो; आमच्या मते या विषयातील सर्वांत किफायतशीर टप्पा हाच. त्यातून उरलेल्या पैशांत फोमची एक जोडी घ्यावी.

२,००० ते २,५०० रुपयांत एएनसी असलेले नेकबँड आणि बड्स मिळतात. त्यांतील एएनसी घरघर कमी करते, पण मोठ्या कंपन्यांच्या महागड्या मॉडेलशी त्याची बरोबरी नाही. डब्यात फिरणाऱ्या विक्रेत्याकडील शंभर रुपयांचे इअरफोन गरजेला धावतात हे खरे. आवाज रोखण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

आवाज किती ठेवावा? घरी ठीक वाटणारा आवाज गाडीत पुरत नाही.

हे सर्व ज्या कारणासाठी करायचे, ते कारण येथे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल पातळीवर ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे; मुलांसाठी हीच पातळी ७५ डेसिबेल आहे. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० डेसिबेलला आठवड्याचे जेमतेम ४ तास.

आता कर्जत किंवा विरारहून येणाऱ्या प्रवाशाचा हिशेब करून पाहू. जाऊन-येऊन तीन तास, आठवड्याचे पाच-सहा दिवस, म्हणजे १५ ते १८ तास. डब्यातील गोंगाट ८० डेसिबेलच्या आसपास आहे असे धरले, आणि सैल इअरफोनमुळे तो जवळजवळ जसाच्या तसा कानात येतो, तर गाण्याचे शब्द समजण्यासाठी आवाज ९० पर्यंत चढवला जातो. आठवड्याची मर्यादा मग मंगळवारीच संपते. तोच इअरफोन नीट बसून २० डेसिबेल अडवू लागला, तर कानात गोंगाट ६० च्या आसपास उरतो आणि ७० डेसिबेलला गाणे स्वच्छ ऐकू येते.

त्यामुळे चांगले इअरफोन घेतल्यावर आवाज कमी करणे हे ओघानेच आले. सवयीने पूर्वीच्याच पातळीवर ठेवल्यास संपूर्ण खर्च वाया गेला, उलट बंद कानामुळे धोका वाढला. फोनवरील पातळी कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावी. आयफोनमध्ये आठवड्याभरातील ऐकण्याची पातळी पाहता येते आणि अनेक अँड्रॉइड फोन ठरावीक पातळीपुढे इशारा देतात; तो इशारा प्रत्येक वेळी बोटाने उडवून लावू नये. प्रवास संपल्यावर कानात शीळ वाजत राहिली किंवा लोकांचे बोलणे दबल्यासारखे वाटले, तर त्या दिवशीचा आवाज निश्चितच जास्त होता.

बाहेरचे काहीच ऐकू आले नाही तर धोका नाही का?

आहे, आणि तो गंभीर आहे. गाडीत बसल्यावर किंवा नीट आधार घेऊन उभे राहिल्यावरच दोन्ही कान बंद करावेत. फलाटावर, पुलावर, रस्ता ओलांडताना आणि गाडीत चढता-उतरताना किमान एक कान मोकळा असावा. ऐनवेळी गाडीचा फलाट बदलल्याची उद्घोषणा ऐकू न आल्यामुळे गाडी चुकणे ही त्यातली सर्वांत सौम्य शिक्षा. रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इअरफोन घालून तो करणे म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचा भोंगाही स्वतःहून बंद करणे होय.

दुचाकी चालवताना हे इअरफोन कधीही वापरू नयेत. हेल्मेटखाली एकच कान बंद ठेवला तरी आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळेनासे होते.

स्थानक चुकण्याची भीती असेल तर फोनवर गजर लावून कंपन सुरू ठेवावे. हे इअरफोन घातल्यावर डुलकी लवकर लागते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मला गाणी ऐकायचीच नाहीत, प्रवासात फक्त शांतता हवी आहे.

मग इअरफोन घेऊच नका. औषधांच्या किंवा औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात फोमचे इअरप्लग अगदी थोड्या पैशांत मिळतात. ३एम कंपनीच्या ११०० या साध्या नारिंगी इअरप्लगचे मानांकन २९ डेसिबेल आहे. प्रत्यक्षात घालण्याच्या पद्धतीनुसार ते कमी भरते, तरीही बहुतेक स्वस्त इअरफोनपेक्षा ते सरसच ठरतात.

पावसाळ्यात किंवा कान दुखत असताना वापरावेत का?

ओल्या कानात इअरफोन घालू नये. कोकणपट्टीतील दमट हवेत बंद, ओलसर नळीत बुरशीची वाढ सहज होते आणि खाज, दडे बसणे, स्राव असे त्रास सुरू होतात. भिजून गाडीत शिरल्यास आधी कान रुमालाने टिपून काही वेळ मोकळे ठेवावेत. कानाच्या पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नळीत जाणारे कोणतेही साधन वापरू नये. इअरफोन दुसऱ्याला देऊ नयेत; द्यावेच लागले तर रबर बदलून द्यावे.

एका बाजूचा आवाज कमी झाला आहे. नवे घ्यावे लागतील का?

बहुधा नाही. रबर काढून नळकांड्याच्या तोंडाशी असलेली जाळी उजेडात पाहावी. नव्वद टक्के शंका तेथेच फिटते, कारण तिच्यावर मळाचा पापुद्रा साचलेला असतो. जाळी खाली धरून कोरड्या, मऊ दातघासणीने हलकेच झाडावी, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. सुई किंवा टाचणी घालू नये, जाळी फाटते. रबर कोमट साबणपाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून परत चढवावे. कानातील मळ काढण्यासाठीही काडी घालू नये. ती मळ आणखी आत ढकलते, आणि रबर मग त्यावर घट्ट दाबून बसते.

खरेदी कोठे करावी आणि फसगत झाल्यास काय करावे?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली येथे भाव आणि निवड दोन्ही चांगले, पण घासाघीस करण्यापूर्वी माल अस्सल आहे का हे पाहावे. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे बंधनकारक आहे. वायरलेस इअरफोनवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून कंपनीचे नाव जुळते का ते दुकानातच तपासता येते. नामांकित कंपनीचा माल निम्म्या भावात मिळत असेल, तर हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कानात घालण्याची वस्तू असल्यामुळे ‘नीट बसत नाही’ या कारणावरून दुकानदार सहसा माल परत घेत नाहीत आणि ऑनलाइनही अनेकदा केवळ बिघाड असल्यासच बदलून मिळते, म्हणून परतीची अट आधी वाचावी. बिल मागून घ्यावे. वॉरंटीसाठी ते लागतेच. दुकानदाराने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. त्या वेळी बिलाचे छायाचित्र आणि खोक्यावरील क्रमांक हाताशी असावा.